करवतीची जन्मतारीख

मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या लाकूड आगारातून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झाले. काष्ठपूजन झाले, शोभायात्रा निघाली, लोक रस्त्यावर आले. लाकूड आलापल्लीकडच्या जंगलातले होते. बाजारात 'नागपुरी सागवान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सागातही आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचा वाटा मोठा आहे. या सागाचा आम्हांला अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा.

या सागाची नोंदही चोख ठेवली जाते. आगारात रचलेल्या लठ्ठ्यांच्या तोंडावर क्रमांक, लांबी आणि घेर लिहिलेला असतो, आणि लठ्ठा कोणत्या कूपातून आला ते वहीत सापडते. उभ्या झाडांची आठवणही आपण जपली आहे. आलापल्लीजवळचा 'वनवैभव' हा सहा हेक्टरांचा तुकडा १९५३ पासून तोड न करता राखला गेला आणि २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. जुना साग कसा दिसत होता, हे आज तिथे जाऊन पाहता येते.

ज्या हत्यारांनी या जंगलात पिढ्यानपिढ्या छाटणी, विरळणी आणि तोड झाली, त्यांच्या वाट्याला मात्र अशी वही आली नाही. यंत्रकरवत आली, प्लास्टिकच्या मुठीच्या घडीच्या करवती आल्या आणि जुनी हातकरवत किलोच्या भावाने भंगारात जाऊ लागली. तिच्याबरोबर तिच्या पात्यावरची, मुठीवरची आणि दात्यांवरची माहितीही जाते. ही माहिती वाचता येते. थोडा सराव केला तर करवत कोणत्या कामाची, साधारण कोणत्या काळातली आणि कुठून आलेली, हे कोणालाही ठरवता येईल. वनमजुराच्या घरी कागदपत्रे फारशी राहत नाहीत, हत्यार मात्र राहते. म्हणून ते वाचायला शिकणे हा आपल्या जंगलाचा इतिहास लिहिण्याचाच एक भाग आहे, असे मी मानतो.

छाटणीची करवत कशी ओळखावी

आधी काम समजून घेऊ. सागाच्या रोपवनात खोड सरळ आणि वरपर्यंत गाठींविना वाढावे, यासाठी लहान वयातच खालच्या फांद्या काढतात. फांदी कुऱ्हाडीने तोडली तर साल खोडापर्यंत सोलली जाते. खुंट ठेवून तोडली तर तो खुंट वाळतो, कुजतो, खोड त्याच्याभोवती वाढते आणि पुढे फळीत मेलेली गाठ निघते. अशा गाठीने लाकडाची किंमत उतरते. करवतीने खोडाच्या लगत, स्वच्छ काप घेता येतो. जाड फांदी असेल तर जाणता माणूस आधी खालून थोडे कापतो, मग वरून, म्हणजे फांदी आपल्या वजनाने खाली येताना साल ओढून नेत नाही. उरलेला तुकडा शेवटी सावकाश काढतो. विश्रामगृहांच्या आवारातले आंबे आणि रस्त्याकडेची झाडे यांनाही हीच पद्धत लागते.

या कामात हात बहुधा डोक्याच्या वर असतो. तिथे करवत पुढे ढकलायला जोर मिळत नाही, आणि पातळ पाते ढकलले तर वाकते. ओढताना मात्र पाते ताणले जाते, सरळ राहते आणि अंगाचे वजनही कामी येते. म्हणून छाटणीच्या करवतीचे दाते मुठीकडे झुकलेले असतात. पात्याला बहुधा विळ्यासारखा बाक असतो, त्यामुळे गोल फांदीवर दाते आपोआप रुततात. ओले लाकूड कापायचे असल्याने दाते मोठे आणि विरळ असतात, आणि भुसा अडकू नये म्हणून त्यांच्यामधली खाच खोल असते. काही पात्यांच्या मागे मुठीऐवजी लोखंडी खोबण असते, तिच्यात बांबू ठोकून उंच फांदीपर्यंत पोहोचता येते. बांबूच्या या मुलखात तशी करवत सोयीची पडते.

इथे आपल्याला एक काळजी घ्यावी लागते. परदेशी संग्राहक सांगतात, दाते मुठीकडे वळलेले दिसले की करवत छाटणीची समजा. त्यांच्याकडे सुतार उभ्याने काम करतो आणि करवत पुढे ढकलतो, म्हणून ही खूण तिथे चालते. आपला सुतार पिढ्यानपिढ्या जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून, करवत स्वतःकडे ओढत आला आहे. त्यामुळे भारतात सुतारकामाच्या अनेक करवतींचे दातेही मुठीकडेच झुकलेले असतात. केवळ दात्यांची दिशा पाहून निकाल दिला तर सुताराची करवत माळ्याच्या नावावर जमा होईल. आपल्याकडे बाक, दात्यांचा मोठेपणा आणि मूठ या तिन्ही गोष्टी मिळून ठरवावे. सरळ पाते, एका इंचात दहा-बारा बारीक दाते, तर ती वाळल्या लाकडाची, सुताराची. बाकदार पाते आणि इंचात पाच-सहा दाते, तर ती ओल्या फांदीची.

बाकाबद्दलही सावध राहावे. वर्षानुवर्षे कानस फिरून पात्याचे पोट झिजते आणि सरळ करवतही बाकदार दिसू लागते. पाठ पाहावी. घडवतानाच दिलेला बाक पाठीलाही असतो, झिजेचा बाक फक्त दात्यांच्या बाजूला असतो.

एक करवत, जवळून

मूल तालुक्यातल्या एका घराने मला पाहायला दिलेली करवत हा लेख लिहिताना समोर आहे. घरातले आजोबा जंगल खात्याच्या कामावर मजूर होते. पाते बाकदार आहे आणि पाठही बाकदार आहे, म्हणजे जन्मतः छाटणीचीच. टोकाकडचे दाते उंच राहिलेत, मधले झिजून ठेंगणे झालेत. माणूस पूर्ण लांबीने न ओढता मधल्या भागानेच काम करत असे, हे त्यावरून कळते. सलग दोन दाते घेतले तर एक डावीकडे आणि एक उजवीकडे वळवलेला आहे, पण हे वळण सगळीकडे सारखे नाही. कारखान्यात ते सारखे असते. म्हणजे हे दाते नंतर हाताने, नजरेच्या अंदाजाने लावलेले आहेत.

मूठ धावड्याची आहे. कुऱ्हाडीच्या दांड्याला आपल्याकडे धावडा चालतो तो त्याच्या चिवटपणासाठी. विलायती कारखाने मुठीला बीचसारखे लाकूड वापरत, म्हणजे ही मूठ इथे घडली. पात्याचे मुठीकडचे टोक तिरप्या उजेडात धरले की मुठीखालून डोकावणारे एक रिकामे भोक दिसते. जुन्या मुठीचा एक खिळा तिथे होता, नव्या मुठीला तो जुळला नाही. आजचे तीन जोड पाहिले तर दोन पितळी आहेत आणि एक लोखंडी स्क्रू. पितळी जोडांपैकी एकावर मोठी चकती आहे आणि तिच्यावर उठावात 'वॉरंटेड सुपीरिअर' ही अक्षरे आहेत.

अशी चकती मिळाली की माणूस हरखतो, पण तिच्यावरून कारखाना कळत नाही. ही हमीची सर्वसाधारण चकती होती. अनेक कारखाने आपल्या दुय्यम मालाला, किंवा दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावाने विकायच्या मालाला ती लावत. कारखान्याचे नाव पात्यावर शोधावे लागते. या पात्यावर बॅटरीचा झोत आडवा टाकला तर गंजाखाली 'कास्ट स्टील' ही अक्षरे आणि त्याखाली 'इंग्लंड' दिसते. वरची ओळ गेली आहे.

एवढ्यावरून काय ठरते? 'कास्ट स्टील' ही इंग्लंडमधल्या शेफील्डच्या पोलादाची ओळख होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत नव्या पोलादांपुढे ती मागे पडली. देशाचे नाव मालावर घालण्याची प्रथा ब्रिटनचा १८८७ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा, भारताचा १८८९ चा तसाच कायदा आणि अमेरिकेचा १८९० चा मॅकिन्ले आयातकर कायदा यांच्यानंतर बळावली. म्हणून पाते साधारण १८९० ते १९३० या काळातले धरता येते. मुठीची गोष्ट वेगळी. जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या सुमारास आजोबा कामावर लागले आणि पहिल्याच पावसाळ्याआधी त्यांनी मूठ बसवली, असे घरात सांगतात. तो बदल १ नोव्हेंबर १९५६ चा. मूठ त्यानंतर वर्षभरातली.

एकाच करवतीला अशा दोन तारखा निघतात. संग्राहकाला पहिली मोलाची वाटते आणि बदललेल्या मुठीमुळे वस्तूची किंमत कमी होते. आपल्याला दुसरी तारीखही तेवढीच मोलाची वाटली पाहिजे, कारण ती आपल्या जंगलातल्या माणसाने स्वतः घातलेली आहे.

शेफील्ड का, चांदा का नाही

करवतीचे पाते पातळ हवे, वाकले तर पुन्हा सरळ होणारे हवे आणि दात्याला धार टिकवणारेही हवे. हे तिन्ही गुण एकसारख्या पोलादातच येतात. बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात शेफील्ड परिसरात मातीच्या मुशीत पोलाद वितळवून ते ओतायची पद्धत बसवली, त्यातून हे 'कास्ट स्टील' आले. मुशीतले पोलाद आपल्या भागाला मात्र नवे नव्हते. गोदावरीच्या पलीकडे, निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम गावी बंद मुशीत पोलाद तयार होई आणि ते इराणपर्यंत तलवारींसाठी जाई. या भारतीय वूट्झ पोलादाचे रहस्य शोधायला मायकेल फॅरडेसारखा वैज्ञानिक १८२० च्या सुमारास बसला होता.

त्याहून जवळची गोष्ट आमच्या जिल्ह्याचीच आहे. नागपुरात एम्प्रेस मिल उभी करणाऱ्या जमशेटजी टाटांच्या वाचनात १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहारा इथे उत्तम लोहखनिज आहे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे, असे त्यात होते. टाटांनी खनिजाचे आणि कोळशाचे नमुने तपासायला पाठवले. पण खाणपट्ट्याच्या अटी जाचक होत्या आणि बेत बाजूला पडला. नियम सैल झाल्यावर नव्या शतकाच्या आरंभी पुन्हा शोध सुरू झाला. १९०४ च्या सुमारास दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांनी हा भाग पालथा घातला. लोहाऱ्याचे खनिज कसदार निघाले, पण मोठा कारखाना चालेल एवढे नाही. निराश दोराबजी नागपूरला आले, सरकारी कचेरीत कोणाची तरी वाट पाहताना समोरच्या संग्रहालयात गेले, आणि तिथल्या भूगर्भ नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातले लोहखनिज रंगवलेले दिसले. पुढे प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे शोध मयूरभंजकडे वळला. १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये जमशेदपूरला पहिले पोलाद निघाले. दुर्गचे ते खनिज पुढे भिलाईने वापरले.

लोहाऱ्याचा डोंगर पुरला असता तर आमच्या सागाला लागलेल्या करवतीवर वेगळे गाव छापलेले असते. ते झाले नाही, म्हणून समोरच्या पात्यावर 'इंग्लंड' आहे. आज एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचे लोहखनिज निघते आहे आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीला त्याचा कारखाना उभा राहिला आहे. जंगल आणि लोखंड यांचा या भूमीतला संबंध किती जुना आणि किती गुंतागुंतीचा आहे, ते एका गंजक्या पात्यावरूनही दिसते.

तारीख सांगणाऱ्या खुणा

जोडाच्या नटांपासून सुरुवात करावी. लाकडात सपाट बसवलेला आणि दोन बाजूंनी खाचा असलेला पितळी नट जुना. अमेरिकेत १८८० च्या दशकानंतर घुमटीदार नटांनी त्याची जागा घेतली. इंग्रज कारखान्यांनी तो आणखी बराच काळ चालवला, म्हणून इंग्रजी करवतीला अमेरिकन तारीख लावू नये. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू असेल तर तो भाग १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचाच, कारण तो स्क्रू तेव्हाच बाजारात आला.

कारखान्याचे नाव वाचता आले तर पुष्कळ सोपे होते. फिलाडेल्फियाचा हेन्री डिस्टन १८४० मध्ये करवती करू लागला. मुलगा भागीदार झाल्यावर नावात 'अँड सन' आले आणि १८७१ पासून 'अँड सन्स'. १९५५ मध्ये ही कंपनी एच. के. पोर्टरकडे गेली. म्हणून डिस्टनच्या चकतीवरचे एक अक्षरही तारीख सांगते. शेफील्डच्या स्पिअर अँड जॅक्सनचे हे जोडनाव १८३० पासूनचे. मासा आणि गळ असे चिन्ह दिसले तर पाते स्वीडनच्या सँडविकचे आणि १८८६ नंतरचे. पोलादी नळीच्या कमानीत पट्टीसारखे पाते ताणलेली करवत दिसली तर ती विसाव्या शतकातली. दाते काळे-निळे पडलेले आणि कानस घसरणारे असतील तर ते यंत्राने कडक केलेले, गेल्या काही दशकांतले. अशा करवतीला पुन्हा दाते लावता येत नाहीत.

यापुढच्या खुणा खास आपल्याकडच्या आहेत आणि परदेशी पुस्तकांत त्या सापडणार नाहीत. पात्यावर, मुठीवर, कागदी चिठ्ठीवर किंवा खरेदीच्या पावतीवर काय लिहिले आहे ते पाहावे. बाणाच्या खुणेसोबत इंग्रजी 'आय' हे अक्षर असेल तर ते ब्रिटिश काळातल्या भारतीय लष्करी सामानाचे चिन्ह. किंमत आण्यांत असेल तर ती बहुधा १९५७ पूर्वीची. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४. लांबी फक्त इंचांत असेल तर वस्तू जुनी असण्याचा संभव असतो, पण हत्यारांच्या बाजारात इंच आजही चालतो, म्हणून ही खूण कच्ची. मिलिमीटर दिले असतील तर भारतीय माल मेट्रिक पद्धत रुळल्यानंतरचा, म्हणजे १९६० च्या आसपासचा किंवा पुढचा. आयएसआयचे चिन्ह १९५२ च्या कायद्याने आले, त्याआधीच्या वस्तूवर ते असू शकत नाही. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच.

सर्वांत बोलके असते ते जागेचे नाव. 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' म्हणजे १९५० पूर्वीचा काळ. 'मध्य प्रदेश' आणि सोबत चांदा असेल तर १९५० ते १९५६. 'मुंबई राज्य' असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते १ मे १९६०, जेमतेम साडेतीन वर्षे. 'महाराष्ट्र' आणि तरीही 'चांदा' असेल तर बहुधा १९६० ते १९६४, कारण जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झाले. 'गडचिरोली जिल्हा' असेल तर २६ ऑगस्ट १९८२ नंतर. वन विकास महामंडळाचे नाव असेल तर १९७४ नंतर. या भागाची सीमा आणि नावे इतक्यांदा बदलली की हत्यार ओळखणाऱ्याला त्याचा फायदाच होतो.

या सगळ्यांतून एक नियम निघतो. वस्तूवरची सर्वांत उशिराची मूळ खूण तिची तारीख ठरवते, सर्वांत जुनी खूण नव्हे. जुन्या नावाचे पाते नंतरही विकले जात असे आणि जुना छाप कारखाने वर्षानुवर्षे चालवत. आणि दुरुस्तीत आलेला भाग वेगळा काढून त्याला स्वतंत्र तारीख द्यावी. एका खुणेवर विसंबू नये. तीन खुणा एका काळाकडे बोट दाखवू लागल्या तर तो काळ धरावा, तोही पाच-दहा वर्षांच्या मोकळिकीने.

घासण्याआधी

माहितीचा सर्वांत मोठा नाश गंजाने होत नाही, घाईने होतो. जुनी करवत हाती आली की लोक तिला ग्राइंडरवर धरतात किंवा ॲसिडमध्ये बुडवतात. पात्यावरची कोरलेली अक्षरे केसाएवढ्या खोलीची असतात, ती एका फेऱ्यात जातात.

आधी फोटो काढावेत, तिरप्या उजेडात, दोन्ही बाजूंचे. मग पात्याला रॉकेल किंवा पातळ तेल लावून रात्रभर ठेवावे. सुटलेला गंज फडक्याने पुसावा. बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या सपाट तुकड्याला गुंडाळून पात्याच्या लांबीच्या दिशेने हलकेच फिरवावा. सपाट ठोकळ्यामुळे वरचा भाग चमकतो आणि खोलगट अक्षरे काळी राहतात, म्हणून ती उठून दिसतात. अक्षर दिसू लागले की तिथेच थांबावे. मूठ घासून नवी करू नये. तिच्यावरचा हाताचा काळसरपणा हाही पुरावाच आहे, कोणत्या बोटाजवळ लाकूड झिजले यावरून माणूस उजवा होता की डावखुरा तेही कळते. शेवटी पात्याला तेलाचा हात द्यावा आणि दात्यांना जुन्या रबरी नळीचे आवरण घालावे.

हे काम कोणी करावे

चंद्रपुरात वन अकादमी आहे, तिथे शिकून वनअधिकारी बाहेर पडतात. बल्लारपूरला आगार आहे, आलापल्लीला वनविभागाची जुनी परंपरा आहे. या तिन्ही ठिकाणी जुन्या हत्यारांची एकेक खोली सहज उभी राहू शकते. वनअधिकाऱ्याने कार्य आयोजना वाचावी तशी हत्याराची झीजही वाचायला शिकावे. जंगलातले काम कसे झाले आणि ते किती कष्टाचे होते, ते त्याला तिथे समजेल.

त्याहून माझी भिस्त ग्रामसभांवर आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटाची रीत घातली, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः द्यायला सुरुवात केली. त्यानंतर गडचिरोलीतल्या शेकडो गावांनी तो हक्क मिळवला. आपल्या जंगलातली झाडे, औषधी, पक्षी यांची नोंद ही गावे करू शकतात, तर घराघरांतल्या करवती, कोयते आणि कुऱ्हाडींची नोंदही एका उन्हाळ्यात होईल. म्हातारी माणसे आहेत तोवर ती झाली पाहिजे, कारण मूठ कोणी आणि कधी बसवली हे पाते सांगत नाही, माणूस सांगतो.

घरच्या घरी करायचे काम तर याहून सोपे आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादी गंजकी करवत खाली आली, तर ती भंगारात देण्याआधी एका कार्डावर पाच गोष्टी लिहा: पात्याची लांबी आणि एका इंचातले दाते, वाचता येणारी प्रत्येक अक्षरखूण, मुठीचे लाकूड आणि तिचे जोड, ती घरात कधी आणि कुठून आली, आणि ती कोणी, कोणत्या कामाला वापरली. कार्ड दोऱ्याने मुठीला बांधा. पाचव्या ओळीत आजोबांचे किंवा आजीचे पूर्ण नाव लिहा. सागाच्या नोंदवहीत क्रमांक, लांबी आणि घेर आहे. त्या सागाला वाढवणाऱ्या माणसाचे नाव या कार्डावर येईल.